कल: शुक्रवार

"चप्पल काढ. उलटी कर. माझ्याकडं काय बघतो, चपलेकडं बघ!"

आमच्या शाळेत दहावीला आलेल्या प्रत्येक पोराच्या आयुष्याचा निकाल या वाक्यांनी लागायचा. बोर्डाचा निकाल नंतर, हा आधी. सर खुर्चीत मागं रेलायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, पोरानं समोर धरलेल्या चपलेची टाच अंगठ्यानं चाचपायचे आणि सांगायचे, "बाहेरून झिजली. एका जागी बसणारा नाहीस तू. वाहनदुरुस्ती. पुढचा!"

तुम्ही हसाल. हसा. आम्हीही हसायचो. सरकारी शाळेत हसायला फारसं काही नसतं, त्यामुळं जे मिळेल त्यावर हसून घ्यायची सवय लागते.

शाळा पारोळ्याच्या अलीकडं, आठवडी बाजाराच्या एका गावात. मी विज्ञान शिकवायचे, सर इतिहास. दोघंही धुळ्याला देवपुरात राहायचो आणि रोज एकाच एसटीनं यायचो-जायचो. सरांनी जळगावला दहा दिवसांचं समुपदेशकाचं प्रशिक्षण केलं, प्रमाणपत्राला काचेची चौकट करून आणली आणि माझ्या प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीतले मोडके बाक बाहेर काढून तिथं पाटी लावली: व्यवसाय मार्गदर्शन कक्ष. भिंतीवर स्वतःच्या हातानं काढलेला मोठा तक्ता. मधोमध 'दहावी', आणि तिथून चहूकडं बाण. आयटीआयचा बाण ठळक लाल. डिप्लोमाचा निळा. अकरावी विज्ञानाचा बाण तेवढा पेन्सिलीनं, इतका फिका की जवळ गेल्याशिवाय दिसायचा नाही.

"हा असा का?" मी एकदा विचारलं.

"पेन संपलं होतं, बाई," म्हणाले. तक्ता भिंतीवर नऊ वर्षं होता. पेन काही आलं नाही.

चपलेचं शास्त्र त्यांनी मला एसटीत समजावून सांगितलं होतं. कल म्हणजे काय? झुकणं. भिंत कलते, गाडी कलते, तसा माणूसही कलतो, आणि कुठं कलतो ते त्याच्या टाचेत उमटतं. टाच बाहेरून झिजली तर फिरतीचं काम. आतून झिजली तर बैठं काम: शिवण, टायपिंग. पुढून झिजली तर पोलीसभरती. "आणि सगळीकडून सारखी झिजली तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "शिक्षक. कुठंच कल नाही." आणि माझ्या पायांकडं बघून इतके मोठ्यानं हसले की कंडक्टरनं मान वळवली.

पोरांशी बोलताना मात्र त्यांच्या जिभेला हाड नसायचं. शेतावरनं आलेला एखादा पोरगा मान खाली घालून म्हणायचा, सर, माले डॉक्टर व्हवानं शे, मला डॉक्टर व्हायचंय. सर वर्गाकडं वळायचे. "ऐका! बठ्ठास्ले डॉक्टर व्हवानं शे! मंग बिमार कोन पडी?" सगळेच डॉक्टर झाले तर आजारी कोण पडणार, या त्यांच्या अहिराणीवर वर्ग हसून फुटायचा. एका मुलीनं कलेक्टर म्हटलं तर, "आधी गेल्या आठवड्याचा गृहपाठ कलेक्ट कर." ती मुलगी नंतर कधी काही म्हणाली नाही. कशालाच.

मी त्यांना एकदा बोलले. "सर, अहो, पोरं आहेत. जरा जपून बोला."

"जपून बोलल्यानं काय होतं ते मला विचारा," ते म्हणाले. एसटीच्या खिडकीबाहेर बघत पुढं म्हणाले, "चार वर्षं मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, बाई. चार वर्षं. सगळे म्हणायचे, हुशार आहे, काढेल. एकानं जरी तोंडावर सांगितलं असतं ना, की हे तुझं काम नाही, तर मी आज मोठा गॅरेजवाला असतो. मला गाड्या कळतात. आवाजावरून सांगतो मी." मग एसटीचा कोणता भाग वाजतोय ते सांगितलं. बरोबरही असेल. मला काय कळतंय.

माणूस नुसता वाईट असता तर माझं काम सोपं होतं. पण जूनमध्ये हेच सर नापासांच्या काठावरच्या पोरांना घेऊन आयटीआयच्या रांगेत दिवसदिवस उभे राहायचे. दाखले हरवले की स्वतः हिंडून काढून आणायचे. तिथल्या कारकुनाशी भांडून भांडून त्यांनी त्याला इतकं जेरीला आणलं होतं की तो सरांना लांबून बघितलं की फॉर्म आधीच काढून ठेवायचा. जळगावच्या कारखान्यांत आज आमच्या शाळेचे बरेच फिटर आहेत, ते सरांच्याच हातचे. त्यातला एकजण फैजपूरला राहतो, दर दिवाळीला केळीचा घड घेऊन सरांच्या दारात यायचा.

एकदा एक पोरगा अनवाणी आला. चप्पलच नव्हती त्याच्याकडं. सर त्याच्या पायांकडं बघत बसले आणि म्हणाले, "जा, तुझं नंतर." दुसऱ्या दिवशी धुळ्याहून येताना त्यांच्या पिशवीत नव्या चपलांचा जोड होता. कुणाला काही न सांगता त्यांनी तो पोराच्या दप्तराशेजारी ठेवला. महिन्याभरानं त्याला बोलावून म्हणाले, "हं, आता दाखव." त्या दिवशी मला त्यांची माया वाटली, हे खोटं कशाला बोलू.

आता नसरीनचं सांगते. तिच्यासाठीच तर हे लिहायला बसले.

नसरीनचे वडील पिंजारी. गाद्या, रजया भरायचे. कापसाच्या धुळीनं छातीत खोकला बसला होता, तेव्हा ती त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथं तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई बघितली. त्या बाईनं वर मान करून सांगितलं की टीबी नाही. झालं, पोरगी तिथंच अडकली. मला येऊन म्हणाली, "बाई, ती नुसती बघते आणि कळतं. मला ते करायचंय."

आमच्या प्रयोगशाळेत एकच मायक्रोस्कोप. त्याच्या भिंगाला तडा. सगळी पोरं कांद्याचा पापुद्रा बघून "काही दिसत नाही बाई" म्हणून पळायची. ही तड्याच्या उजवीकडच्या तेवढ्याच जागेत पेशी आणून बघायची आणि वहीत काढायची. माझ्या एवढ्या नोकरीत असा हात मी दुसरा बघितला नाही. मीच तिला सांगितलं होतं, अकरावी विज्ञान घे, मग लॅबचा डिप्लोमा कर. फार लांबचं नाही ते. मीच सांगितलं होतं.

सरांनी त्या वर्षी निळ्या पुठ्ठ्याची कार्डं छापून घेतली होती. कलपत्र. नाव, वडिलांचं काम, आवडता विषय, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: तुझा कल: आणि पुढं रिकामी जागा. खाली सरांचा गोल शिक्का. पोरांनी आपापली भरली. सर एकेक उचलून वर्गात मोठ्यानं वाचू लागले.

मी दारात उभी होते. हजेरीचं रजिस्टर न्यायला आले होते.

एक कार्ड हातात घेऊन सर थांबले. चष्मा खाली ओढला, परत वर केला. चेहरा असा काही उजळला की बस.

"तुझा कल: शुक्रवार."

वर्गाला आधी कळलंच नाही. मग सरांनी फोड करून सांगितलं. "अरे, हिच्या घरी हिंदी! कल म्हणजे उद्या! आज गुरुवार. हिला वाटलं, सर विचारतात उद्या वार कोणता!" आणि मग जो हशा उठला म्हणता. पोरं बाकांवर पालथी पडली. सर डोळे पुसत होते. "हिचा कल शुक्रवारकडं! शनिवार-रविवारकडं कल असलेले फार बघितले, ही पहिलीच!"

आणि मी हसले. दारात उभं राहून, तोंडाला पदर लावून, चांगली मनापासून हसले. विनोद चांगला होता हो. काय करू?

नसरीन उभी होती. तिनं आधी माझ्याकडंच बघितलं होतं.

"चप्पल काढ," सर म्हणाले. तिनं काढून हातात दिली. जुनी, पट्टा तळव्यापासून सुटलेली, पण गादीच्या जाड दोऱ्यानं परत शिवलेली. टाके इतके सरळ आणि एकसारखे, की सरांनी अंगठा टाचेवरनं उचलून त्या टाक्यांवर ठेवला.

"कुणी शिवली?"

"मी."

"घ्या! सापडला की कल!" सरांनी पेन काढलं, 'शुक्रवार' खोडलं आणि वर लिहिलं: शिवणकाम. शिक्का मारला. "पुढचा!"

त्या दिवसापासून नसरीनचं नाव शाळेत शुक्रवार पडलं. शिपायापर्यंत सगळे म्हणायचे.

तिला सत्त्याहत्तर टक्के मिळाले. आमच्या शाळेत ते फार होते. गुणपत्रक घ्यायला ती वडिलांबरोबर आली. वडील सरांसमोर हात जोडून उभे. "सर, बच्चीका क्या करनेका? वो बोलती सायन्स लेनेका."

सरांनी तक्ता दाखवला, कार्ड दाखवलं, टाक्यांची गोष्ट सांगितली. मनापासून सांगत होते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण या बापाचं भलं करतोय. "सायन्सला टाकाल तर दोन वर्षांनी घरी बसेल. मी बसलोय चार वर्षं, मला विचारा. हिच्या बोटांत कला आहे. शिवणाचा कोर्स करू द्या, कुणापुढं हात पसरणार नाही."

बापानं मान हलवली, पण मन भरलं नव्हतं. तो माझ्याकडं वळला. नसरीन त्याच्या मागं, नजर माझ्यावर. "मॅडम, आप भी बोलो ना कुछ. आप बोलेंगे वैसा करेंगे."

पाच दहाची एसटी फाट्यावर येत होती. ती गेली की पुढची दीड तासानं. माझी पर्स खांद्याला होती. घरी पाहुणे यायचे होते.

"सर सांगतात ते विचार करूनच सांगतात," मी म्हणाले आणि चालू लागले.

एसटीत बसायला जागा मिळाली. ते मला अजून आठवतं, खिडकीची जागा होती.

बापानं ते निळं कार्ड लॅमिनेट करून गादीच्या दुकानात लावलं होतं. सरकारी शिक्क्याचा कागद, मुलीच्या नावाचा. येता-जाता दिसायचं. काही वर्षांनी लग्न होऊन ती गाव सोडून गेली आणि कार्डही दिसेनासं झालं.

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात पोरांनी त्यांना बूट दिले, चांगले काळे, चकचकीत. सरांनी भर सभेत ते उलटे करून बघितले आणि म्हणाले, "कोरे आहेत. अजून काहीही होऊ शकतं." त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचले, पण डावा पाय ओढत चालायचे. बूट घालणं संपलंच. सँडल घातली तर डाव्या पायातनं निसटायची, कारण त्या पायाला ती निसटल्याचं कळायचंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, आणि सँडलला मागून पट्टा शिवून घ्या.

मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा ते माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "बाई, अजून सारखीच झिजते का हो?" शब्द जड झाले होते, पण विनोद तोच. मग म्हणाले, "कोपऱ्यावरच्या बॅगवालीकडं सँडल टाकलीय. रोज उद्या म्हणते. पण काम काय सुंदर करते! काय हात!"

मला त्या वेळी शंकाही आली नाही. बॅगवाली म्हणजे कुणीही असते.

मागच्या सोमवारी सर गेले. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी बसायला गेले. त्यांच्या पत्नीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, तशा वेळी सांगतात तसं. "रोज दहाला निघायचे. पायात जुनी स्लीपर. मी म्हणायची, अहो, मी जाऊन आणते. तर म्हणायचे, असू दे, तेवढंच माझं चालणं होतं, आणि पोरगी कामसू आहे, तिला घाई करू नको. सोमवारी फाटकातून बाहेर पडतानाच स्लीपर निसटली. यांना कळलं नाही. पुढचं पाऊल टाकायला गेले आणि डोक्यावर पडले. स्लीपर तीन पावलं मागं होती," त्या म्हणाल्या. "पोरांनी आणून दिली."

परत येताना मी कोपऱ्यावर वळले. माझ्या बॅगेची चेन तुटलेली होती, ते निमित्त. दुकान म्हणजे एक शटर, आत पायमशीन, भिंतीला टांगलेली दप्तरं. मशीनवर नसरीन. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. मला बघून लगेच उठली, स्टूल पुसून दिलं.

"बसा ना, बाई. चहा सांगते."

चहा आला. तिनं मुलांचं विचारलं, शाळेचं विचारलं. बोलता बोलता माझी नजर तिच्या मागच्या फळीवर गेली. एकच सँडल होती तिथं. डाव्या पायाची. मागून नवा पट्टा, आणि पट्ट्यावर ते टाके. मी ओळखले.

"ही कधी झाली शिवून?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. जराही लपवलं नाही तिनं. "ते आले, मी उठून उभी राहिले, बाई. सलाम केला. त्यांनी मला ओळखलंच नाही. माझ्या तोंडाकडं कधी बघितलंच नव्हतं ना त्यांनी. सँडल दिली, म्हणाले कधी मिळेल? माझ्या तोंडून गेलं, कल. दुसऱ्या दिवशी आले. मी परत म्हटलं, कल आइए. रोज आले. रोज मी कल म्हटलं. महिना झाला. मला बघायचं होतं, हा माणूस कधी चिडतो. चिडलेच नाहीत. तिथंच पायरीवर बसायचे, माझं काम बघायचे. एकदा म्हणाले, तुझा कल बरोबर ओळखलाय कुणीतरी. मी म्हटलं, होते एक सर. तर म्हणाले, शहाणा माणूस असणार."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"तुम्ही दारात होतात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "तुम्ही पण हसला होतात, बाई. मला वाटलं होतं, तुम्ही नाही हसणार."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या वेळी एसटी होती, आता तीही नव्हती.

तिनं सँडल फळीवरनं काढली, पट्टा ओढून बघितला, फडक्यानं पुसली. "चार दिवस आले नाहीत. थंडीमुळं निघत नसतील. पण मी ठरवलंय, आता पुरे. त्या जुन्या स्लीपरीत पाय फार निसटतो त्यांचा, बघवत नाही. आता आले की देऊन टाकणार." मग स्वतःशीच थोडं हसून म्हणाली, "उद्या येतीलच. उद्या शुक्रवार आहे."

सांगायला हवं होतं. मला माहीत आहे. ती माझ्याकडं बघत होती, तशीच, तेव्हा वडिलांच्या मागून बघत होती तशी, आणि मी पुन्हा उठले. पर्स खांद्याला लावली.

"चेन कधी होईल गं?" मी विचारलं.

"उद्या या, बाई," ती म्हणाली आणि सँडल पुढं, दाराशी, येणाऱ्याला लगेच दिसेल अशी ठेवली.

मी तो रस्ता आता सोडलाय. बॅग तिच्याकडंच आहे.